तीनपैकी एकच नळी

२०२२ च्या ऑगस्टमधल्या त्या पहाटे मी अप्पांच्या पायांना हात लावला, तेव्हा ते गुडघ्यांपर्यंत गार होते. कोयनानगरचा पाऊस रात्रभर कोसळत होता आणि घरात ओल आली होती, त्यामुळे आईला वाटले की त्यांना थंडी बाधली आहे. ती सुंठीची पूड घेऊन त्यांचे तळवे चोळत बसली होती. पण अप्पांची बनियन घामाने पिळून काढावी इतकी भिजली होती, आणि थंडी बाधलेल्या माणसाला असा घाम येत नाही. मी त्यांच्या पायाच्या अंगठ्याचे नख दाबून सोडले. मी शाळेत विज्ञान शिकवते. दाबाने पांढरे पडलेले नख दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवे, एवढे मला ठाऊक होते. मनात पाच आकडे मोजून झाले तरी ते पांढरेच होते.

रात्री अकरापासून छातीत जड वाटत होते, हे अप्पांनी तेव्हा कुठे सांगितले. त्यांना चौदा वर्षांचा मधुमेह होता, आणि अशा माणसाला हृदयविकाराच्या झटक्यातही जोराची कळ येतेच असे नाही. त्यांनी ते पित्त समजून दोनदा थंड दूध घेतले आणि पावसात कोणाला उठवायचे म्हणून गप्प पडून राहिले. हे पाच तास पुढे आम्हाला फार महाग पडले. शेजारच्या काकांनी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी धावत आणून दिली आणि आई ती त्यांच्या तोंडात घालणार, एवढ्यात पाटणच्या आमच्या डॉक्टरांचा फोन लागला. त्यांनी आधी बीपी विचारले. घरातल्या यंत्रावर ७८ वर ५६ आले. "गोळी अजिबात देऊ नका, बीपी आणखी पडेल. ॲस्पिरिन असेल तर चावून खायला द्या आणि लगेच निघा," असे ते म्हणाले. छातीत दुखले की जिभेखाली गोळी, हे आपल्याकडे घरोघरी पाठ झालेले आहे. पण ती गोळी रक्तवाहिन्या सैल करते आणि ज्याचा रक्तदाब आधीच ढासळला आहे त्याला ती घातक ठरू शकते, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हते.

पाटणला डॉक्टर दवाखाना उघडून थांबलेच होते. ईसीजीची पट्टी बाहेर येत असतानाच त्यांचा चेहरा बदलला. "ताई, हा नुसता अटॅक नाही. अप्पा शॉकमध्ये आहेत." आईने ते ऐकले आणि मला बाजूला घेऊन विचारले, "कसला धक्का बसला गं यांना? घरात तर काहीच झालं नाही." तिचा प्रश्न अगदी स्वाभाविक होता, आणि मला वाटते, हा शब्द ऐकणाऱ्या बहुतेक घरांत तो विचारला जात असेल. वैद्यकातला शॉक म्हणजे मनाला बसलेला धक्का नव्हे. झटक्याने हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग एकदम निकामी झाला की ते शरीराला पुरेल एवढे रक्त ढकलू शकत नाही, वरचा रक्तदाब नव्वदच्या खाली जातो, हातपाय गार पडतात, लघवी आटते, माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो. या अवस्थेला कार्डिओजेनिक शॉक म्हणतात. झटका आलेल्या शंभरांतल्या पाच ते दहा जणांवर ती ओढवते. तिचा खरा धोका असा की हृदय स्वतःसुद्धा याच दाबावर जगते. महारोहिणीतला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीतला, दाब पडला की हृदयाच्या स्वतःच्या नळ्यांतले रक्तही कमी होते, त्याने स्नायू आणखी दुबळा होतो, आणि दाब आणखी पडतो. भोवऱ्यात सापडलेला माणूस जसा फेऱ्याफेऱ्याने खाली जातो तसेच हे असते, आणि बाहेरून कोणी हात दिल्याशिवाय त्यातून सुटका नसते.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथल्या तिथे देता येईल का, असे मी विचारले. डॉक्टर म्हणाले की कॅथलॅब, म्हणजे हृदयाच्या नळ्या तपासून उघडण्याची खोली, दोन तासांच्या आत गाठता येत नसती तर दिलेच असते. पण रक्तदाब इतका कमी असताना औषध गुठळीपर्यंत नीट पोहोचत नाही आणि त्याचा भरवसा कमी होतो, कराड मात्र तासाभरावर आहे. त्यांनी रक्तदाब टिकवणारे नॉरॲड्रेनालिन सुरू केले, स्वतः कराडच्या रुग्णालयात फोन करून "शॉकचा पेशंट येतोय, टीम बोलावून ठेवा" असे सांगितले, आणि १०८ च्या गाडीतल्या डॉक्टरांच्या हातात ईसीजीची पट्टी दिली. त्या एका फोनने आमचा निदान अर्धा तास वाचला असेल. गाडीत अप्पा मला माझ्या आत्याच्या नावाने हाक मारत होते.

कराडला पोहोचताच त्यांना थेट कॅथलॅबकडे नेतील अशी माझी समजूत होती, पण हृदयरोगतज्ज्ञांनी आधी खाटेवरच दोन मिनिटांत सोनोग्राफीसारखा प्रोब छातीवर फिरवून इको केला. हृदयाची भिंत किंवा झडप फाटली असेल तर नळी उघडून भागत नाही, शल्यविशारदाला बोलवावे लागते, म्हणून हे आधी पाहावे लागते. तसे काही नव्हते. डावा कप्पा मात्र जेमतेम हलत होता. प्रत्येक ठोक्याला निदान पन्नास-पंचावन्न टक्के रक्त बाहेर जायला हवे, तिथे पंचवीसच जात होते. रक्तातले लॅक्टेट ६.२ आले. पेशींना प्राणवायू पुरला नाही की ते साचत जाते, आणि ते दोनच्या आत असावे लागते. फुप्फुसांत पाणी भरले होते, म्हणून घशात नळी घालून त्यांना व्हेंटिलेटरवर घेतले गेले. मनगटातली नाडी हाताला लागेना, तेव्हा जांघेतून अँजिओग्राफी, म्हणजे रंगद्रव्य सोडून हृदयाच्या नळ्या पाहण्याची तपासणी, सुरू झाली.

दहाएक मिनिटांनी मला आत बोलावले. शिशाचा एप्रन माझ्या खांद्यांवर घालून सिस्टरांनी मला पडद्यासमोर उभे केले. करड्या पार्श्वभूमीवर रंगद्रव्याची काळी रेघ झाडाच्या फांद्यांसारखी पसरत होती, आणि डाव्या बाजूने पुढे उतरणारी, सगळ्यांत मोठी असायला हवी ती फांदी उगमापाशीच एखाद्या बुंध्यासारखी तुटून संपली होती. "ही पूर्ण बंद. हीच आजची," असे म्हणून डॉक्टरांनी बोट सरकवले. "उजवीत ऐंशी टक्के अडथळा आहे, मागच्या बाजूच्या नळीत सत्तर टक्के. आज मी फक्त ही बंद पडलेली उघडणार. बाकीच्या दोघींना हात लावणार नाही."

मी फोनवर दादाला हे सांगितले. तो पनवेलहून निघाला होता. "तीनही करायला सांग. एवढं आत गेलेच आहेत, तर अर्धवट कशाला सोडायचं? पैशाचं मी बघतो." मलाही तेच वाटत होते. ज्या माणसाचे हृदय रक्तावाचून तडफडते आहे, त्याच्या दोन नळ्या अडलेल्या ठेवणे मला कोणत्याच तर्कात बसेना. मी डॉक्टरांना तसे म्हणाले, आणि आज कबूल करते की माझ्या आवाजात संशय होता. दोन वेळा काम म्हणजे दोन वेळा बिल, हा हिशेब त्या वेळी माझ्या मनात येऊन गेला. २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारने औषधी लेप असलेल्या स्टेंटची (नळी उघडी ठेवणाऱ्या बारीक जाळीची) किंमत सुमारे ३० हजार रुपयांवर आणली, त्याआधी त्याच वस्तूला लाखाच्या वर मोजावे लागत असे. तेव्हापासून रुग्णालयाच्या बिलाकडे शंकेने पाहण्याची सवय आपल्या सर्वांना लागली आहे.

डॉक्टर घाईत होते, तरी त्यांनी माझ्याकडे वळून उत्तर दिले. "ताई, त्या दोन नळ्या कालही अशाच होत्या आणि अप्पा त्यांच्यावरच चालत-फिरत होते. आज जीवावर उठलीय ती ही एक. त्या दोन उघडायच्या तर अजून पाऊण-एक तास टेबलावर ठेवावं लागेल आणि अजून बरंच रंगद्रव्य सोडावं लागेल. त्यांच्या किडन्यांना आत्ताच रक्त मिळत नाहीये. पूर्वी आम्हीही सगळ्या करायचो. आता करत नाही." मी सही केली. पटले म्हणून नव्हे. वाद घालण्यात मिनिटे जात होती म्हणून.

हा निर्णय पुढे कित्येक महिने माझ्या डोक्यात राहिला, आणि जे जे वाचायला मिळाले ते मी वाचले, म्हणून इथे थोडे थांबते. शॉकमधल्या रुग्णाची नळी तातडीने उघडावी की आधी औषधांनी त्याला सावरावे, हाच एके काळी वाद होता. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'शॉक' नावाच्या अभ्यासात ३०२ रुग्ण होते. पहिल्या महिन्यात दोन गटांतला फरक नि:संशय म्हणावा एवढा नव्हता, पण सहा महिन्यांनी, औषधांनी आधी सावरू पाहिलेल्या गटात शंभरांपैकी ६३ दगावले होते आणि तातडीने रक्तपुरवठा सुरू केलेल्या गटात ५०. तिथून नळी उघडण्याचा प्रश्न मिटला. किती नळ्या उघडायच्या, हा प्रश्न उरला. कारण शॉकमध्ये येणाऱ्या बहुतेकांच्या एकाहून अधिक नळ्यांत अडथळे असतात. दादाचा आणि माझा तर्क होता तोच जाणकारांचाही होता, आणि २०१७ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत सगळ्या नळ्या त्याच वेळी उघडण्याचा विचार करावा असे लिहिलेले होते. त्याच वर्षी जर्मनीतल्या लाइपझिगचे होल्गर थीले यांच्या नेतृत्वाखाली युरोपातल्या ८३ केंद्रांत ७०६ रुग्णांवर केलेल्या 'कल्प्रिट-शॉक' या अभ्यासाचे निष्कर्ष आले. महिन्याभरात मृत्यू किंवा डायलिसिसची वेळ, हे एकच नळी उघडलेल्यांत शंभरांत ४५.९ होते आणि सगळ्या उघडलेल्यांत ५५.४. नुसते मृत्यू घेतले तर ४३.३ आणि ५१.६. पुढच्याच वर्षी सूचना बदलली आणि शॉकमध्ये सरसकट सगळ्या नळ्या उघडू नयेत असे ठरले.

मला त्या अभ्यासातला सगळ्यांत बोलका आकडा रंगद्रव्याचा वाटला. एकच नळी उघडलेल्या गटात साधारण १९० मिलिलिटर, सगळ्या उघडलेल्यांत २५०. हा फरक अर्ध्या पेल्याहून कमी आहे. निरोगी माणसाचे मूत्रपिंड तो सहज बाहेर टाकेल. पण रक्तावाचून आधीच गळाठलेल्या मूत्रपिंडाला आणि दम टाकलेल्या हृदयाला एवढेही ओझे होते. अर्थात संयमालाही किंमत आहे, आणि ती लपवू नये: वर्षभरात एकच नळी उघडलेल्यांपैकी ३२ टक्के लोकांना पुन्हा अँजिओप्लास्टी किंवा बायपास लागला, दुसऱ्या गटात ९ टक्क्यांना. शिवाय हा नियम आंधळेपणाने पाळायचा नसतो. त्या अभ्यासातही एकच नळी करायची असे ठरलेल्या आठांतल्या एका रुग्णात डॉक्टरांना प्रत्यक्ष टेबलावर पुढची नळी करावी लागली होती.

अप्पांची नळी सात वाजून वीस मिनिटांनी उघडली. नंतर दाखवलेल्या चित्रफितीत ते मी पाहिले: केसासारखी तार बुंध्यातून पार होते, फुगा फुगतो आणि मिटतो, स्टेंट बसतो, आणि पुढच्या वेळी काळी रेघ थेट हृदयाच्या टोकापर्यंत वाहत जाते. मी त्या वेळी हात जोडले. मला वाटले, झाले. पण मॉनिटरवरचा दाब जिथल्या तिथे होता. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितले ते मी अक्षरशः लक्षात ठेवले आहे: "नळी उघडलीय, हृदय अजून उठलेलं नाही. ते बधिर झालंय. उठायला दोन दिवस लागतील, आणि ते दोन दिवस बाकीचं शरीर टिकवायचं आहे." नळी उघडणे हा उपचाराचा शेवट आहे अशी आम्हा सर्वांची कल्पना असते. खरे तर शॉकच्या रुग्णात उरलेली अवघड वाट तिथूनच सुरू होते.

दुपारी मुंबईच्या एका नातेवाइकांचा फोन आला की बलून पंप लावायला सांगा, त्याशिवाय असे पेशंट वाचत नाहीत. महारोहिणीत बसवून हृदयाच्या ठोक्याबरोबर फुगणारा-मिटणारा हा फुगा पूर्वी अशा रुग्णांना सर्रास लावत असत. मी विचारले. डॉक्टर म्हणाले की २०१२ मध्ये ६०० रुग्णांवर त्याचा मोठा अभ्यास झाला आणि लावलेल्यांत व न लावलेल्यांत महिन्याभरातले मृत्यू जवळजवळ सारखेच निघाले, चाळीस टक्क्यांच्या आसपास. म्हणून ते आता सरसकट लावत नाहीत. त्यांनी तो टाळला हे मला तेव्हा धाडसाचे वाटले होते. आता वाटते की नातेवाइकांचा दबाव असताना एखादी गोष्ट न करणे हे करण्यापेक्षा कठीण असते, आणि त्यांनी त्या एका दिवसात ते दोनदा केले.

आयसीयूत मला दर दोन तासांनी पाच मिनिटे आत सोडत. माझ्या पिशवीत इयत्ता आठवीची एक कोरी वही होती. तिच्यात मी तीन रकाने आखले. पहिला बीपीचा, दुसरा सिरिंज पंपावर नॉरॲड्रेनालिन ताशी किती मिलिलिटर चालले आहे त्याचा, आणि तिसरा लघवीचा. हा तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा, असे सिस्टरांनीच मला सांगितले होते. चौसष्ट किलोच्या माणसाला तासाला निदान तीस मिलिलिटर व्हायला हवी. खाटेला अडकवलेल्या पिशवीच्या वरच्या भागात खुणा केलेली एक पारदर्शक डबी होती, तिच्यात दर तासाची लघवी साचे आणि सिस्टर ती वाकून, डोळ्यांच्या पातळीवर आणून वाचत. पहिल्या दिवशीचे माझ्या वहीतले आकडे असे आहेत: ८, १०, ५, ०, १२. रात्री शून्य आले तेव्हा आई खाली बाकावर जप करीत बसली होती आणि मी तिला काही सांगितले नाही. मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारे क्रिएटिनिन १.२ वरून २.६ वर गेले. मूत्रपिंडाचे डॉक्टर पाहून गेले आणि म्हणाले की सकाळपर्यंत वाट पाहू, नाही तर डायलिसिस. त्या रात्री मला ते उरलेले रंगद्रव्य आठवत राहिले, जे अप्पांच्या अंगात गेले नव्हते.

पहाटे चारला १५ आले, पाचला २२, सहाला ३५. सिस्टरांनी डबी मला वाकून पाहायला दिली. पिवळसर, फेसाळ पाण्याची ती रेघ पस्तिसाच्या खुणेवर थरथरत होती. त्याच सकाळी लॅक्टेट साडेतीनवर उतरले, आणि दुसऱ्या रात्री दोनच्या आत आले. पंपावरचा आकडा बारावरून नऊ, नऊवरून पाच असा ओसरू लागला. तिसऱ्या दिवशी दुपारी घशातली नळी काढली. अप्पांचे पाय हाताला कोमट लागले. त्यांनी खरखरीत आवाजात पहिला प्रश्न विचारला तो पावसाचा: धरणाचे दरवाजे उघडले का? जन्मभर कोयना प्रकल्पावर नोकरी केलेल्या माणसाला ऑगस्टमध्ये दुसरे काय सुचणार?

त्यानंतरचे दिवस भराभर गेले. अकराव्या दिवशी आम्ही घरी आलो. मीठ मोजून, पाणी मोजून, रोज सकाळी वजन करून. उरलेल्या दोन नळ्यांची भीती मात्र घरात सगळ्यांनाच होती. दादा तर अप्पांना जिना चढू देईना. सात आठवड्यांनी क्रिएटिनिन १.४ वर स्थिरावले, हृदयाचे आकुंचन ३८ टक्क्यांवर आले, आणि मग त्यांना पुन्हा बोलावले. या वेळी अप्पा स्वतः चालत कॅथलॅबमध्ये गेले, मनगटातूनच काम झाले, आणि ते सगळा वेळ सिस्टरांशी बोलत होते. उजव्या नळीत स्टेंट बसवला. मागच्या नळीतला सत्तर टक्क्यांचा अडथळा डॉक्टरांनी नुसता डोळ्यांनी न पाहता दाब मोजणारी तार आत घालून तपासला. अडथळ्याच्या पुढचा दाब अडथळ्याआधीच्या दाबाच्या ०.८० पट किंवा त्याहून कमी असेल तर स्टेंट घालायचा; तो ०.८७ आला. म्हणजे त्या पहाटे आम्ही जिचा आग्रह धरला होता, त्या तिसऱ्या नळीला स्टेंटची गरजच नव्हती.

२०२४ मध्ये हृदयाच्या डाव्या कप्प्यात बसवून रक्त पुढे ढकलणाऱ्या इम्पेला नावाच्या छोट्या पंपाचा अभ्यास प्रसिद्ध झाल्याचे वाचले, तेव्हा मी पुढच्या तपासणीला तोही विषय काढला. डेन्मार्क, जर्मनी आणि ब्रिटनमधल्या ३५५ रुग्णांच्या त्या अभ्यासात सहा महिन्यांतले मृत्यू ५८.५ टक्क्यांवरून ४५.८ टक्क्यांवर आले, पण पंप बसवलेल्यांत मोठा रक्तस्राव, पायाचा रक्तपुरवठा तुटणे आणि डायलिसिसची गरज ही संकटे अधिक आली. डॉक्टर म्हणाले की अप्पांसारखा रुग्ण आज आला आणि पंप हाताशी असला, तर ते त्याचा नक्की विचार करतील. तो पंप काही लाखांचा आहे आणि आमच्या तालुक्यापासून तासाभरात तो मिळणे आजही कठीण आहे, ही गोष्ट मला फार लागते. पाटणचा एक फोन, कराडची तयार टीम आणि थांबायचे कुठे हे जाणणारा एक डॉक्टर, एवढ्यावर आमचा निभाव लागला. अशा अवस्थेत पोहोचलेल्या जवळजवळ निम्म्या लोकांचा तो सगळे करूनही लागत नाही.

त्या तपासणीला अप्पांनी डॉक्टरांना विचारले, "ती तिसरी नळी आहे ना अजून जागेवर?" डॉक्टरांनी रिपोर्ट उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, "आहे, अप्पा. गोळ्या चालू ठेवा. तिला आपण नाही छेडायचं." क्रिएटिनिन १.३ होते. आठवीच्या वहीत तो आकडा मी चौथा रकाना आखून लिहिला.